स्विंग वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणे, मुंबईतील
मुंबईतील स्विंग वाद्यवृंदांच्या वादनाचा ध्वनिमुद्रणरूपाने टिकलेला वारसा. स्विंग ही अमेरिकेत सु. १९३५ ते १९४५ या काळात लोकप्रिय झालेली जॅझची नृत्यप्रधान शैली होय. ट्रम्पेट, ट्राँबोन व सॅक्सोफोन यांचे गट आणि पियानो, बास व ड्रम यांची तालसाथ अशी या वाद्यवृंदांची रचना असते. लिखित स्वररचनेच्या चौकटीत एकेका वादकाच्या उत्स्फूर्त वादनास वाव असतो.

मुंबईत १९३५ मध्ये लीऑन अ‍ॅबी यांच्या आफ्रो-अमेरिकन वाद्यवृंदाचे ताजमहाल हॉटेलात वादन सुरू झाले. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तेथे वादन केले. त्यांच्या सहवासात गोमंतकीय व इतर भारतीय वादक या शैलीत तयार झाले. मिकी कोरिया यांनी १९३९ ते १९६० पर्यंत ताजमधील वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. हळदोणे येथील आंतोनियो झाव्हियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्धीस आले.

त्या काळच्या दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचेच वादन मावे. नृत्याच्या वेळी लांबणारी उत्स्फूर्त आवर्तने तीत येत नसत. अमेरिकेत ही उणीव नभोवाणीने काही अंशी भरून काढली. नृत्यगृहांतून थेट प्रक्षेपित होणारे वादन लाखेसारखा लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर उतरविले जाई. बेनी गुडमन यांची १९३७-३८ मधील अशी प्रक्षेपणे १९५२ मध्ये दीर्घ ध्वनिमुद्रिकांवर निघाली आणि श्रोत्यांसमोर रंगलेले वादन पुढील पिढ्यांस ऐकावयास मिळाले.

मुंबईच्या वाद्यवृंदांचा परिचय मात्र मुख्यतः व्यापारी ध्वनिमुद्रिकांवरूनच होतो. यांपैकी काही मुद्रणे २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांच्या ताजमहाल फॉक्सट्रॉट या इंग्रजी ग्रंथासोबतच्या सीडीवर पुन्हा प्रकाशित झाली. त्यांवरून वादकांचे कौशल्य व स्वररचनेची बांधणी कळते. नृत्यगृहातील रात्रभराच्या वादनाचा विस्तार कळत नाही.

मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील वाद्यवृंदांचा आधार क्षीण झाला व अनेक वादक चित्रपटसृष्टीकडे वळले. सी. रामचंद्र यांचे संगीत असलेल्या अलबेला (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट यांचा सहभाग होता. त्यामुळे या परंपरेचा मागोवा घेताना चित्रपटगीतांची मुद्रणेही विचारात घ्यावी लागतात.