शिबिर मोफत, पुढचा उपचार?

लाखांदूर : गंभीर आजारात तालुक्यातील धान उत्पादक कुटुंबांना भंडारा वा नागपूर गाठावे लागते. तेव्हा चौकातील फलक, मोफत शिबिर किंवा कुणाची शिफारस रुग्णालय ठरविते. जाहिरातीने रुग्ण ओढणे आणि रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली घेणे-देणे यांस तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने मनाई केली. परिषदेचा अधिकार मात्र डॉक्टरांपुरता. रुग्णालय चालविणाऱ्या कंपन्या त्यातून निसटतात.

फलकावर यंत्रांची नावे असतात, खर्च नसतो. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक व रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दाखल होण्यापूर्वी ते वाचावे; महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय आहे काय, हेही विचारावे. तपासणी मोफत म्हणून शस्त्रक्रियाही मोफत, असे नव्हे.