झूमचा आकडा आणि घरातला उजेड

कॅसिओ कंपनीने १९९५ साली क्यूव्ही-१० हा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्याला झूम नव्हता. पाव मेगापिक्सेलचा सेन्सर, फिरवता येणारी एकाच फोकल लेंथची लेन्स आणि पाठीवर छोटासा रंगीत पडदा, एवढाच त्याचा पसारा. तरीही त्याने वाट पाडली, कारण काढलेला फोटो तिथल्या तिथे पाहायला मिळू लागला. पुढच्या पंधरा वर्षांत हे यंत्र घराघरांत पोहोचले. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले आणि त्यांतले जवळपास ११ कोटी लेन्स न बदलणाऱ्या, म्हणजे घरगुती वापराच्या जातीचे होते. या सगळ्या काळात दुकानाच्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या हौशी माणसापुढे एकच पेच असे : खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घ्यावा, की थोडा दांडगा पण लांबचे जवळ आणणारा झूम कॅमेरा घ्यावा? आज त्या काळाकडे वळून पाहताना वाटते की पेच खरा होता, पण तो सोडवायला हाती घेतलेले माप चुकीचे होते. खोक्यावर छापलेला ‘एक्स’चा आकडा आणि मेगापिक्सेलचा आकडा यांवर तुलना होत राहिली. घरात फोटो काढणाऱ्याला मात्र त्याहून साध्या दोन गोष्टी हव्या होत्या, समोरचे सगळे चौकटीत मावण्याइतकी रुंदी आणि ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरा स्वच्छ येण्याइतका प्रकाश. या दोन्ही गोष्टी खोक्यावर कधी ठळक अक्षरांत आल्या नाहीत.

आधी त्या ‘एक्स’चाच हिशोब पाहू. हा आकडा म्हणजे सर्वांत लांबच्या फोकल लेंथला सर्वांत जवळच्या फोकल लेंथने भागून येणारे उत्तर. ते गुणोत्तर आहे, पोहोच नव्हे. जुन्या फिल्मच्या चौकटीच्या हिशोबाने (इथली सगळी मापे त्याच हिशोबाची) ३५ मिलिमीटरपासून सुरू होणारा १२एक्स ४२० मिलिमीटरपर्यंत जातो, तर २८पासून सुरू होणारा १२एक्स ३३६वरच थांबतो. दुकानदार दोघांनाही बारापट म्हणणार आणि गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच वाटणार. पण या दोन कॅमेऱ्यांतला खरा फरक शेवटच्या टोकाला नाही, सुरुवातीच्या टोकाला आहे. पहिल्या पिढीचे बहुतेक कॅमेरे ३५ ते ३८ मिलिमीटरच्या आसपास सुरू होत. १९९९चा निकॉन कूलपिक्स ९५० आणि २०००चा ऑलिम्पस सी-२१०० अल्ट्रा झूम हे दोन्ही ३८चे, त्याच वर्षीचा कॅननचा चिमुकला डिजिटल इक्सस ३५चा. आता दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. कॅमेरा धरणारा भिंतीला पाठ लावून उभा आहे आणि समोरची माणसे तीन मीटरवर आहेत. ३८ मिलिमीटरच्या लेन्समधून त्याला सुमारे पावणेतीन मीटर रुंदीचा पट्टा मिळतो, २८ मिलिमीटरच्या लेन्समधून पावणेचार. हा एक मीटर म्हणजे काकू आणि आत्या चौकटीत येणे किंवा कोपऱ्याकोपऱ्यावर अर्ध्या कापल्या जाणे. दहापट, बारापट झूम इथे काही कामाचा नाही, मागची भिंत तो पाडू शकत नाही. तरीही २८पासून सुरू होणारे घरगुती कॅमेरे सर्रास दिसायला २००६-०७ साल उजाडावे लागले. तोवर सहा-सात वर्षे शर्यत दुसऱ्याच टोकाला धावत होती.

ही शर्यत कशी वाढत गेली ते पाहण्यासारखे आहे. २०००च्या त्या ऑलिम्पसने दहापट झूम, थरथर थोपवणारी यंत्रणा आणि दोन मेगापिक्सेल एकत्र आणले. २००२च्या पॅनासॉनिक एफझेड१ने तर फार मोठी करामत केली. बारापट झूमच्या पूर्ण पल्ल्यात त्याच्या लेन्सचे ॲपर्चर एफ/२.८ राहत असे, म्हणजे लांबचे टोक गाठले तरी लेन्स तेवढाच प्रकाश आत घेई. आजही ती लेन्स कौतुकास्पद वाटते. पण पल्ला वाढत गेला तशी ही दानत आटत गेली. कॅननचा एस२ आयएस २००५ साली बारापट झूम घेऊन आला, २००८चा एसएक्स१० वीसपट, २०१०चा एसएक्स३० पस्तीसपट आणि २०१२चा एसएक्स५० पन्नासपट. या शेवटच्या कॅमेऱ्याचे ॲपर्चर जवळच्या टोकाला एफ/३.४ आणि लांबच्या टोकाला एफ/६.५. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर आत येणारा प्रकाश सुमारे एक चतुर्थांश. पॅनासॉनिकनेही पुढे ही सवय सोडली आणि सगळ्या पल्ल्यात २.८ ठेवणाऱ्या लेन्सकडे ती परतली २०१२च्या एफझेड२००मध्ये. दरम्यान निकॉनचे पी९०० (२०१५) आणि पी१००० (२०१८) अनुक्रमे २,००० आणि ३,००० मिलिमीटरपर्यंत जाऊन पोहोचले. पी१०००चे वजन सुमारे १.४ किलो आहे, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याची हद्द त्याने केव्हाच ओलांडली.

हा पल्ला परवडत होता तो सेन्सर नखाएवढा असल्यामुळे. लेन्सचा आकार सेन्सरच्या आकाराला बांधलेला असतो, सेन्सर बारीक तर लेन्स बारीक आणि बारीक लेन्समध्ये लांब पल्ला बसवणे सोपे. म्हणून बहुतेक कॉम्पॅक्ट आणि बहुतेक सुपरझूम एकाच मापाच्या सेन्सरवर उभे होते, आधी १/२.५ इंची म्हटला जाणारा आणि नंतर १/२.३ इंची म्हटला जाणारा. त्यांचे क्षेत्रफळ सुमारे २५ आणि २८ चौरस मिलिमीटर. जुन्या फिल्मच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ ८६४. ही ‘इंचांची’ मापेसुद्धा गिऱ्हाइकाला काही कळू देणारी नव्हती. ती जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून आलेली, त्यामुळे ‘एक इंची’ सेन्सरची तिरकी लांबी प्रत्यक्षात १६ मिलिमीटरच भरते. महागडा, जडशीळ सुपरझूम घेणाऱ्या कित्येकांना हे ठाऊकच नव्हते की त्यांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर शेजाऱ्याच्या खिशातल्या कॉम्पॅक्टएवढाच आहे. घरातल्या उजेडात दोघांचे फोटो सारखेच दाणेदार येत. पैसे पोहोचेसाठी मोजले होते, प्रकाशासाठी नाही, आणि हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

प्रकाशाचा हिशोब कागदावर मांडून पाहता येतो. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या खोलीत आयएसओ ४०० आणि एफ/२.८ ठेवले, तर शटर साधारण एक-तिसांश सेकंद उघडे राहावे लागते. थोडा झूम केला, ॲपर्चर ५.६वर आले, की तेच एक-अष्टमांश सेकंद. थरथर थोपवणारी यंत्रणा फोटो काढणाऱ्याचा हात सांभाळते, पाटावर बसून चुळबुळणाऱ्या मुलाला ती सांभाळू शकत नाही. ते मूल धूसरच येणार. मग कॅमेरा आपणहून फ्लॅश उडवतो, नाहीतर आयएसओ वाढवतो. फ्लॅशने चेहरा पांढराफटक पडतो आणि मागची आरास काळोखात जाते. आयएसओ वाढवला तर त्या बारीक सेन्सरवर दाणे उठतात आणि दाणे पुसण्याच्या नादात कॅमेरा त्वचा, केस, साडीचा काठ सगळे सारवून टाकतो. यावरचा उपाय लांब झूम नव्हता आणि जास्त मेगापिक्सेलही नव्हता. उपाय होता उघडी लेन्स आणि मोठा सेन्सर. तो जमण्यासारखा होता याचा पुरावा २००६ सालीच मिळाला होता. फुजीफिल्मचा एफ३० हा सहा मेगापिक्सेलचा, तीनपट झूमचा साधा कॉम्पॅक्ट. त्याचा सेन्सर इतरांच्या दीडपटीहून मोठा होता आणि कमी उजेडात तो त्या काळच्या खिशातल्या कॅमेऱ्यांना सहज मागे टाकत असे. आकड्यांच्या शर्यतीत मात्र सहा आणि तीन हे आकडे केविलवाणे दिसत.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मोठा सेन्सर महाग पडतो. सिलिकॉनच्या एका चकतीतून त्याचे नग कमी निघतात आणि दोष निघाला तर नुकसान मोठे, म्हणून कंपन्यांनी परवडेल ते दिले, असे म्हणता येईल. यात तथ्य आहे आणि एक इंची सेन्सर २००५ साली सामान्य किमतीत देणे अवघड होते हे मान्यच करावे लागेल. पण २५ आणि ४३ चौरस मिलिमीटरमधले अंतर काही डोंगराएवढे नव्हते, एफ३०ने ते बाजारभावात ओलांडून दाखवले होते. आणि चूक कंपन्यांनाही उमगली होती. कॅननने २००८च्या जी१०मध्ये जवळपास १५ मेगापिक्सेल कोंबले आणि पुढच्याच वर्षी जी११मध्ये ते १०वर खाली आणले. त्याच १० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एफ/२ची लेन्स बसवून एस९० हा खिशात मावणारा कॅमेरा काढला. आकडा कमी करून कॅमेरा सुधारता येतो हे तिथे उघडपणे कबूल झाले. सोनीने २०१२च्या आरएक्स१००मध्ये ११६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर आणि एफ/१.८ लेन्स सदऱ्याच्या खिशात बसवली तेव्हा तर वाद संपल्यातच जमा होता. पण त्याची किंमत सुमारे ६५० डॉलर होती आणि तोवर वेळ निघून गेली होती.

वेळ निघून गेली ती फोनमुळे. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत भक्कम पुरावा फोनच देतो. २००७ ते २०१६ या दशकात जवळपास प्रत्येक फोनला मागे एकच रुंद लेन्स होती, ऑप्टिकल झूम शून्य. ॲपलच्या फोनमध्ये लांबची दुसरी लेन्स आली ती २०१६च्या सेव्हन प्लसमध्ये, तीही दुप्पटच. आणि त्या २०१६ सालापर्यंत लेन्स न बदलणाऱ्या कॅमेऱ्यांचा खप ११ कोटींवरून सव्वा कोटीच्या आसपास घसरला होता. ज्या गिऱ्हाइकाला बारापट, वीसपट झूमवाचून चालणारच नाही असे मानले जात होते, त्याने झूमच नसलेले यंत्र हसत पत्करले. यावर कोणी म्हणेल की फोन जिंकला तो खिशात आयता असल्यामुळे आणि फोटो लगेच पाठवता येत असल्यामुळे, त्यात झूमचा संबंध काय? पाठवण्याची सोय हे मोठे कारण होते, यात शंका नाही. पण झूम खरोखरच निकडीचा असता तर लोकांनी फोनसोबत तोही बाळगला असता, जसे चष्मा आणि घड्याळ दोन्ही बाळगतात. तसे घडले नाही. उलट पुढे फोनच्या कंपन्या एकमेकींशी भिडल्या त्या आधी अंधारातल्या फोटोंवर, उघड्या ॲपर्चरवर आणि अतिरुंद लेन्सवर. घडीच्या भिंगाचा पाचपट झूम २०१९च्या सुमारास ठळकपणे आला, तोही मुख्य कॅमेऱ्याला हात न लावता, शेजारी स्वतंत्र कॅमेरा बसवून. रुंदी आणि उजेड आधी, पोहोच मागाहून, हा क्रम घरगुती कॅमेऱ्याने पाळायला हवा होता आणि तो फोनने पाळला.

झूम कॅमेऱ्याची बाजू मात्र इथे संपत नाही आणि ती हलकी लेखणे अन्याय होईल. भिगवणला उजनीच्या पाण्यात उभे असलेले रोहित, मैदानाच्या पल्याडचा गोलंदाज, रंगमंचावरचा नट, यांच्यापाशी चालत जाता येत नाही. तिथे ४०० मिलिमीटरच्या खाली काही हाती लागत नाही, आणि लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यावर तेवढा पल्ला घ्यायचा तर खर्च आणि वजन दोन्ही अंगावर येतात. दिवसाच्या स्वच्छ उन्हात पक्षी ओळखण्यापुरता फोटो हवा असेल तर पी९००सारखा सुपरझूम आजही उत्तम हत्यार आहे. उन्हात प्रकाश मुबलक असतो, त्यामुळे बारीक सेन्सरचे दुखणे तिथे फारसे जाणवत नाही. म्हणून सुपरझूमला माझा विरोध नाही. ज्याचे दहांतले नऊ फोटो चार मीटरच्या आत काढले जाणार, त्याच्या गळ्यात तो ‘भारी कॅमेरा’ म्हणून मारला गेला याला विरोध आहे. पक्षी पाहणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक होते. घरच्या कार्यासाठी कॅमेरा घेणाऱ्याला ते कोणी सांगितले नाही.

आज बाजारात उरले काय ते पाहिले की या दोघांची वाटणी स्पष्ट दिसते. एका टोकाला ३,००० मिलिमीटरवाला निकॉन नव्या रूपात टिकून आहे. दुसऱ्या टोकाला फुजीफिल्मची एक्स१०० मालिका आणि रिकोचा जीआर, दोन्ही झूमविना, एकाच फोकल लेंथचे, मोठ्या सेन्सरचे. फुजीफिल्मच्या या कॅमेऱ्याला मागणी इतकी वाढली की दुकानांत तो वेळेवर मिळेनासा झाला. मधला बहुतेक प्रदेश, खिशातला तीनपट आणि पिशवीतला पंधरापट, ओसाड पडला. त्या मधल्या प्रदेशात काढलेले फोटो मात्र आपल्या हार्ड डिस्कवर आणि सीडींवर आहेत. २००० ते २०१२ या काळातली बारशी, मुंजी, डोहाळेजेवणे, गौरी-गणपती. मोठ्या टीव्हीवर उघडले की उन्हातले फोटो अजून टवटवीत दिसतात. घरातल्या फोटोंत आजीचा चेहरा एकतर फ्लॅशने धुऊन निघालेला असतो, नाहीतर सुरकुत्यांसकट पुसून गुळगुळीत केलेला, आणि ज्या मेगापिक्सेलसाठी जास्त पैसे मोजले होते ते सगळे तिथे हजर असूनही त्या सुरकुत्या आता परत आणता येत नाहीत.