स्तोत्रास चाल लावताना

मराठी संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तिका ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांनी पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे छापलेली एखाद्या सुपरिचित गाण्याची ओळ पुष्कळदा पाहिली असेल. नव्या शब्दांना जुनी चाल द्यावी, म्हणजे गाणे पहिल्याच दिवशी ओठांवर चढते, हा दस्तूर आपल्या ख्रिस्ती गीतसंग्रहांनीही स्वीकारला. बायबलातील दीडशे स्तोत्रे मंडळीने एकमुखाने गावीत अशी इच्छा असली, तर ही तजवीज करण्यावाचून गत्यंतर नसते.

युरोपात या कामाचे एक साधे गणितच तयार झाले. जिनीव्हा येथे १५६२ साली स्तोत्रांचा संपूर्ण छंदोबद्ध ग्रंथ सिद्ध झाला. स्कॉटलंडने १६५० साली आपला ग्रंथ मुक्रर केला आणि त्यातील बहुतेक स्तोत्रे आठ, सहा, आठ, सहा अक्षरांच्या एकाच वृत्तात बसविली. त्यामुळे मूठभर चाली ठाऊक असलेल्या खेडुतालाही जवळजवळ सारा ग्रंथ गाता येई. पुढे तेथे अशी पुस्तके निघाली की ज्यांची पाने मधोमध आडवी कापलेली असत. वरच्या अर्ध्या पानांवर स्वरलिपी, खालच्या अर्ध्यांवर शब्द, आणि दोन्ही स्वतंत्रपणे उलटून हवी ती चाल हव्या त्या स्तोत्रासमोर आणावी. तेविसाव्या स्तोत्राशी आज अभिन्न वाटणारी ‘क्रिमंड’ ही चाल प्रथम १८७२ साली छापली गेली. म्हणजे शब्दांनी तिची दोनशेहून अधिक वर्षे वाट पाहिली.

मराठीत मात्र अक्षरे मोजून भागत नाही. इंग्रजी चालीत पहिला स्वर बहुधा निसटता असतो आणि आघात दुसऱ्यावर पडतो. अशा चालीवर ‘देव’ हा शब्द ठेवून पाहावा: ‘दे’ घाईने उरकला जातो, आणि बोलताना जेमतेम ऐकू येणारा ‘व’ आघात घेऊन लांबत जातो. अक्षरसंख्या बिनचूक असते, परंतु शब्द विद्रूप होतो, आणि गाणाऱ्याचे लक्ष अर्थावरून उडते.

ही अडचण टाळणाऱ्या चाली जवळच सापडतात, हे बोदवडच्या उदाहरणावरून दिसेल. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या खानदेशातील ठाण्यांपैकी एक. परंतु याच बोदवडच्या शेजारी मुक्ताईनगर आहे, जेथून संत मुक्ताबाईंची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते. आणि याच जळगाव जिल्ह्यातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी जात्यावर आणि शेतात ओव्या रचल्या. ज्या मुलखाच्या कानात अभंग आणि ओवी इतकी मुरलेली आहे, तेथे स्तोत्राला परिचित चाल शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचे प्रयोजन मला तरी दिसत नाही.

मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. तेविसाव्या स्तोत्राचा आरंभ या साच्यात, केवळ नमुन्यादाखल, असा घालता येईल: ‘प्रभु मज राखी । काय मग उणे । चारी प्रीतिगुणे । हिरवळी ॥’ आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर हे म्हणून पाहावे. कोठे ओढाताण होत नाही, आणि आखूड चौथ्या चरणानंतर जी उसंत मिळते, तिच्यात मंडळीला ध्रुपद उचलून धरता येते. मूळ हिब्रू स्तोत्रांत एक विधान करून त्याचाच प्रतिध्वनी दुसऱ्या विधानात उमटविण्याची रीत आहे. अभंगातील यमकाचे मधले दोन चरण त्या रीतीला फार सहजपणे जागा देतात.

हा मार्ग नवा नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजविली, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाला ख्रिस्ती उपासनेत असे स्थान मिळवून दिले की आज त्यावाचून मराठी उपासनेची कल्पनाही करवत नाही. पंजाबात इमामुद्दीन शाहबाज यांनी स्तोत्रे पंजाबी छंदांत आणली, ती देशी चालींवर बसविली गेली, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना ती आजही गायिली जातात.

वृत्त जुळले तरी भाव जुळलाच असे नाही. एक्कावन्नावे स्तोत्र पश्चात्तापाचे. दिंडीच्या उड्या मारणाऱ्या चालीवर ते गायिले तर कबुलीजबाबाची थट्टा होईल. त्याला ओवीची संथ, जवळजवळ बोलल्यासारखी चाल हवी. उलट दीडशेव्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, झांजा यांची नावे घेऊनच स्तवन करावयास सांगितले आहे; तेथे टाळ-मृदंगाला मोकळीक द्यावी, आणि लय वाढू द्यावी. चाल निवडणाऱ्याने म्हणून आधी स्तोत्र मोठ्याने वाचावे, श्वास कोठे तुटतो ते पाहावे, आणि मगच गळ्यावर भरवसा ठेवावा. मंडळीतील वयोवृद्ध स्त्रियांना येणाऱ्या जात्यावरच्या चाली कोणी तरी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तर या कामाला लागणारी निम्मी सामग्री बोदवडच्या पंचक्रोशीतच हाती येईल.