बारावीनंतरचे स्वप्न आणि त्याचा रस्ता

बारावी उत्तीर्ण होऊन कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या मनात स्वतःचेच एक पुढचे चित्र असते. त्यात नुसती नोकरी नसते. कुठल्या गावात राहायचे, महिन्याला किती हाती यायचे, वडिलांचे कर्ज कधी फेडायचे, धाकट्या बहिणीचे शिक्षण कुणी करायचे, चारचौघांत न अडखळता कसे बोलायचे, हे सगळे त्यात एकात एक मिसळलेले असते. हेझल मार्कस आणि पॉला न्यूरियस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये अशा चित्रांची पद्धतशीर मांडणी केली. प्रत्येकाच्या मनात असे निदान तीन 'पुढचे मी' असतात, असे त्यांचे म्हणणे: जसे व्हावेसे वाटते तो, जसे होऊ शकतो असे वाटते तो, आणि जसे होण्याची धास्ती वाटते तो. पहिल्याबद्दल कॉलेजच्या स्वागत समारंभात भरभरून बोलले जाते. तिसऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. पण पहाटे उठवून अभ्यासाला बसवण्याचे काम पुष्कळदा तोच करतो. डॅफ्ना ऑयझरमन आणि मार्कस यांनी १९९० मध्ये डेट्रॉइटच्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. आशा आणि भीती एकाच गोष्टीशी जोडलेली असणे, म्हणजे शिकून नोकरीला लागायचे आहे आणि बेकार राहण्याची भीतीही आहे अशी जोडी मनात असणे, हे गुन्ह्यात अडकलेल्या मुलांत कमी आढळले.

विदर्भातल्या मुलांसाठी ही चित्रे बहुतेक वेळा नागपुरात येऊन आकार घेतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले, तरी तिथली मुलेही नागपूरला येतातच. कुणी खोली करून राहतो, कुणी वसतिगृहात, कुणी नातेवाइकांकडे, आणि जवळच्या गावांतली कितीतरी मुले पास काढून रोज ये-जा करतात.

या शहराने प्रत्येक पिढीला वेगळे स्वप्न दिले. हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये सुरू झाले, मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. त्याआधी इथे शिकणाऱ्यांची पदवी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाची असे. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. सचिवालय होते, कोर्ट होते, आणि कॉलेजातल्या मुलाला रस्त्याने जाता-येता काळ्या कोटातले वकील आणि साहेब दिसत. मोहम्मद हिदायतुल्ला १९२२ मध्ये रायपूरहून मॉरिस कॉलेजात आले, १९२६ मध्ये बाहेर पडून केंब्रिजला गेले, १९३० मध्ये नागपुरात वकिली करू लागले आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. नागपूर विद्यापीठातच कायदा शिकलेले शरद बोबडे २०१९ मध्ये त्याच पदावर पोहोचले. वकिलीचे स्वप्न या शहरात कधी दूरचे वाटले नाही, त्याचे कारण हे आहे.

१९५६ मध्ये राजधानीचा दर्जा गेला, पण कार्यालये राहिली आणि नवी आली. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल, भारतीय खाण ब्यूरो आणि नीरी यांची मुख्यालये आजही नागपुरात आहेत. रेल्वे आहे, हायकोर्टाचे खंडपीठ आहे, डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते. सरकारी नोकरीची ओढ म्हणजे विदर्भाचा आळस, असे बाहेरचे लोक सहज म्हणून जातात. ते खरे नाही. पाऊस आणि कापसाचा भाव या दोन्हींचा भरवसा नसलेल्या घरात महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारा पगार ही सर्वांत मोठी सुरक्षा असते. शहरातल्या अभ्यासिकांमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच मुले जागा लावून बसतात. कुणाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर स्वतःच्या नावापुढे 'पीएसआय' लिहिलेले असते, तर कुणाच्या 'तहसीलदार'.

दीक्षाभूमीच्या परिसरातले स्वप्न आणखी वेगळ्या मुळातून आले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. १९६४ मध्ये त्याच परिसरात त्यांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. त्या परंपरेतल्या घरांमध्ये मुलाने शिकणे हे एकट्याचे भवितव्य मानले जात नाही. पदवी हे आजोबांना नाकारलेल्या गोष्टीचे उत्तर असते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीच्या मनातल्या चित्रात वस्तीतली आणखी चार मुले शिकवण्याचा संकल्पही सहज येऊन बसतो. अशा स्वप्नाला ओझे म्हणणे सोपे आहे. पण परीक्षेत एकदा अपयश आल्यावर पुन्हा उभे राहण्याचे बळही बहुधा त्यातूनच येते.

अलीकडच्या वर्षांत चित्र विस्तारले. १९६० पासूनचे विश्वेश्वरय्या इंजिनीअरिंग कॉलेज, म्हणजे आजचे व्हीएनआयटी, होतेच. २०१५ मध्ये आयआयएम आले, त्यानंतर ट्रिपल आयटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि एम्स. मिहान या उद्योगक्षेत्रात मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या राहिल्या. तरीही इंजिनीअरिंगच्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मनातला पुढचा माणूस पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळूरात राहतो आणि दिवाळीला घरी येतो.

स्वप्ने अशी भरपूर आहेत. टंचाई आहे ती रस्ता ठाऊक असण्याची. प्रवेशाच्या दिवसांत कुठल्याही कॉलेजच्या कार्यालयासमोर हे उघड दिसते. गावाकडून आलेल्या मुलाच्या हातात प्लास्टिकची फाइल असते. तीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. एक कागद कमी पडला की पुन्हा तालुक्याच्या सेतू केंद्रात जायचे, म्हणजे वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडवून जायचे. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरची शिष्यवृत्ती अडकते. याच रांगेत ज्याचा मोठा भाऊ इथेच शिकून गेला आहे, तो मुलगा अर्ध्या तासात मोकळा होतो. दोघांच्या गुणांत फरक नसतो. एकाच्या घरात माहिती आधीच येऊन बसलेली असते.

मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये हाच मुद्दा सिद्धान्त म्हणून मांडला. आकांक्षा बाळगणे ही एक क्षमता आहे आणि समाजात ती सारखी वाटलेली नसते, असे ते म्हणतात. सुस्थितीतल्या माणसाला मोठ्या ध्येयापासून आजच्या छोट्या कामापर्यंतच्या पायऱ्या दिसतात, कारण त्या चढलेली माणसे त्याच्या रोजच्या पाहण्यात असतात. गरिबाचे ध्येय तितकेच मोठे असते, मधल्या पायऱ्या मात्र धूसर असतात. 'कलेक्टर व्हायचंय' असे सांगणाऱ्या मुलाला पूर्व परीक्षा आणि मुख्य परीक्षा यांतला फरक ठाऊक नसतो, तो याचमुळे. त्याच्या जिद्दीवर शंका घेण्याचे कारण नाही. अर्थतज्ज्ञ देबराज राय यांनी त्याला जोडून सांगितले, की माणूस आपल्यासारख्या लोकांकडे पाहून ध्येय ठरवतो आणि ध्येय फार दूर असेल तर प्रयत्नच सोडून देतो. म्हणून भाषण देऊन जाणाऱ्या पाहुण्या अधिकाऱ्यापेक्षा तिसऱ्या वर्षात शिकणारी, त्याच तालुक्यातून आलेली ताई नव्या विद्यार्थिनीच्या जास्त उपयोगी पडते. कुठल्या प्राध्यापकांना कधी भेटायचे, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा आणि पहिल्या सेमिस्टरला गुण घसरले म्हणजे सगळे संपले नाही, हे ती सांगू शकते.

रस्ता कळला तरी मनाच्या स्वतःच्या अडचणी उरतात. दहा वर्षांनंतरचा आपणच आपल्याला परका वाटतो. हॅल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा भविष्यातल्या स्वतःचा विचार करताना दिसणारी हालचाल परक्या माणसाचा विचार करतानाच्या हालचालीशी मिळतीजुळती निघाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही जणांना संगणकाच्या मदतीने स्वतःचा म्हातारपणीचा चेहरा दाखवण्यात आला. ते पाहिलेल्यांनी निवृत्तीसाठी बाजूला काढलेली रक्कम इतरांच्या दुपटीहून जास्त होती. पुढचा माणूस नजरेसमोर आला की त्याच्यासाठी आज झीज सोसता येते.

मात्र नुसते गोड चित्र रंगवत बसणे घातक ठरते. गॅब्रिएल ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांचा दोन वर्षे मागोवा घेतला. उत्तम नोकरी मिळाल्याची सुखद कल्पना ज्यांच्या मनात वारंवार येई, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. स्वतःच्या तयारीच्या आधारे 'जमेल' असे ज्यांना वाटत होते, त्यांचे मात्र भले झाले. कल्पनेतच यश चाखलेले मन सैलावते, असा ओटिंगन यांचा अर्थ. क्लासच्या जाहिरातींतले हार-तुरे आणि पॅकेजचे आकडे यांचा मारा होत असताना हा निष्कर्ष विद्यार्थ्यांपर्यंत आवर्जून पोहोचायला हवा. ओटिंगन यांचा उपाय साधा आहे: इच्छा लिहायची, ती पुरी झाल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे, लगेच आपल्यातला कुठला अडथळा आड येईल तो ओळखायचा आणि तो आला की काय करायचे ते आधीच ठरवायचे. त्यातला शेवटचा भाग पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून आलेला आहे. 'इंग्रजी सुधारायचे' हे ध्येय झाले. 'संध्याकाळी मेसमधून परतल्यावर, मोबाइल हातात घेण्यापूर्वी, इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायची' ही योजना झाली. दुसऱ्या वाक्याला जागा आहे आणि वेळ आहे, म्हणून ते पार पडण्याचा संभव जास्त.

लिहून काढण्याचा फायदा वेगळाही नोंदला गेला आहे. लॉरा किंग यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना चार दिवस रोज वीस मिनिटे, सगळे मनासारखे घडले तर आपण कसे असू, यावर लिहायला सांगितले होते. त्यांचे मन प्रसन्न झाले आणि पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी आरोग्यकेंद्राच्या फेऱ्याही कमी झाल्या. मायबोलीत लिहावे, हे उत्तम. इंग्रजी माध्यमात पहिल्यांदाच शिकणारा मुलगा धास्तीबद्दल इंग्रजीत खरे लिहील, ही अपेक्षाच चूक आहे.

लिहिलेले बदलते, हेही गृहीत धरावे लागते. जोर्दी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी १९,००० हून अधिक लोकांची माहिती तपासून २०१३ मध्ये दाखवले, की मागच्या दहा वर्षांत आपण खूप बदललो हे सगळे मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असेच त्यांना वाटते. हा भ्रम सर्व वयांत आढळला, आणि तरुणपणीचे बदल तर सर्वांत मोठे असतात. नाटककार महेश एलकुंचवार यांचेच उदाहरण घ्या. ते यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. शिकायला नागपूरला आले. एकदा सिनेमाची तिकिटे मिळाली नाहीत म्हणून ते विजय तेंडुलकरांच्या 'मी जिंकलो! मी हरलो!' या नाटकाला गेले. विजया मेहतांनी बसवलेल्या त्या प्रयोगाने ते इतके हलले, की नाटकच लिहायचे असे त्यांनी ठरवले. नागपुरातच इंग्रजीची प्राध्यापकी करत त्यांनी 'वाडा चिरेबंदी' लिहिले आणि वसतिगृहातल्या मुलांच्या घुसमटीवरची 'होळी'ही. पहिल्या वर्षी लिहिलेल्या कुठल्याही ध्येययादीत त्या संध्याकाळची तरतूद असणे शक्य नव्हते.

नव्या शिक्षण धोरणाची रचना या बदलाला थोडी वाट देते. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांमध्ये ती २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाली. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि विद्याशाखेबाहेरचा विषय घेता येतो, कौशल्याचे अभ्यासक्रम असतात, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही श्रेयांक मिळतात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, अशा टप्प्यांवर बाहेर पडता येते आणि मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. विज्ञान शाखेच्या मुलीला अर्थशास्त्राची चव घेऊन पाहण्याची सोय पूर्वीच्या ठोकळेबाज पदवीत नव्हती. धोका इतकाच, की पैशाची ओढाताण असलेल्या घरात एक वर्षाचे प्रमाणपत्र 'पुरे झाले' म्हणून स्वीकारले जाईल, आणि त्यात मुलींचा नंबर आधी लागेल. मुलींसाठी राज्याने २०२४ मध्ये घेतलेला निर्णय या ठिकाणी मोलाचा आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शासन भरते. अभ्यासक्रम बदलायचा विचार असेल तर आपल्या शिष्यवृत्तीच्या अटी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आधी विचारून घ्याव्यात. बदल चालतो की नाही, हे योजनेनुसार ठरते.

घरच्यांशी बोलणे हा यातला सर्वांत नाजूक भाग. मुलाच्या मनातले चित्र आणि वडिलांच्या मनातले चित्र एकाच छपराखाली वर्षानुवर्षे न बोलता राहतात, आणि निकालाच्या दिवशी एकदम समोरासमोर येतात. पहिल्या सेमिस्टरच्या सुट्टीत, निकाल लागण्याच्या आधीच, आवडलेला विषय, न झेपणारा विषय, दोन वर्षांनी लागणारा खर्च आणि मुख्य स्वप्न हुकले तर धरायची दुसरी वाट, या चार गोष्टी घरी मांडलेल्या बऱ्या. वडिलांनाही मग आपली ऐपत आणि आपली भीती मोकळेपणाने सांगता येते, आणि पुढच्या सेमिस्टरला विषय निवडताना दोन्हींचा हिशेब धरता येतो.