कुठला धंदा करू, हे विचारण्याआधी



मागच्या महिन्यातली गोष्ट. मंगळवारी दुपारी दुकानात जरा शांतता असते, तेव्हा एक पोरगा आला. चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला. सेकंड शिफ्टची बस पकडायची होती, म्हणून उभ्या उभ्याच बोलला. "दादा, तुमचे सगळे व्हिडिओ बघितलेत. फक्त एवढं सांगा, कुठला धंदा करू?"

हातात तीन लाख. त्यातले दीड लाख वडिलांनी गावाकडच्या दोन म्हशी विकून दिलेले. चहाच्या एका फ्रँचायझीवाल्याला गुरुवारी टोकन द्यायचं ठरलं होतं. मी विचारलं, "चहाच का?" तर म्हणाला, "चालतोय ना सगळीकडे."

हे उत्तर मला नवीन नाही. दहा वर्षांपूर्वी मी हेच दिलं होतं.

बीबीए झाल्यावर मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये परचेसला होतो. पगार बरा होता, पण डोक्यात धंदा. मित्र म्हणाला नाष्टा सेंटर टाकू, आळंदी रोडला कामगारांची गर्दी आहे, वडापाव-मिसळ कधी बंद पडत नाही. टाकलं. अकरा महिने चालवलं आणि माझ्या वाटणीचे चार लाख घालवून बाहेर पडलो. मिसळ चांगली होती, जागा चांगली होती. सकाळी साडेचारला उठणंही जमलं. जमली नाही ती गर्दी. एका वेळी आठ जण "शेठ, एक प्लेट लवकर" म्हणायला लागले की मी गल्ला सोडून आत भांडी घासायला जायचो. खरंच जायचो! काउंटरवर कोणी नाही म्हणून गिऱ्हाईक पैसे न देता जायचं, आणि मी आत कढई चकाचक करत बसलेलो.

आज माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. एक माणूस येतो, पंखा हळू फिरतोय म्हणतो. मी विचारतो, आवाज येतो का, हाताने ढकलल्यावर फिरतो का, मग अडीचचा कपॅसिटर देतो. फायदा थोडाच, वेळ दहा मिनिटं. माझ्या मित्राला असं दहा मिनिटं कोणाशी बोलायला सांगितलं तर तो वेडा होईल. त्याचं नाष्टा सेंटर मात्र अजून चालू आहे आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. म्हणजे धंदा खोटा नव्हता, माणूस चुकीच्या जागी उभा होता.

आपल्या भागात या गोष्टीचा विचार करायची सवयच कमी. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी आली, टेल्को आली. आपल्या आधीच्या पिढीचं ध्येय एकच, परमनंट व्हायचं. स्वभाव कोण विचारतोय? आणि परमनंट झाल्यावर पगार, कँटीन, ग्रॅच्युइटी असेल तर विचारायची गरजही नव्हती. आता कंत्राटाच्या नोकरीत ती खात्री नाही, म्हणून पोरं धंद्याकडे वळतायत. पण निवडायची पद्धत तीच जुनी: शेजारच्याचं चाललंय ना, मग आपलंही चालेल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव तुम्ही ऐकलंय. इथून खडकी किती लांब, तिथली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स माहीतच असेल. पण या माणसाला आधी चित्रकार व्हायचं होतं, हे किती जणांना माहीत आहे? जन्म 1869 चा, बेळगावकडचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले आणि तिथे कळलं की डोळ्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कुठला? पण हात चांगला होता, रेषा पक्की होती. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवायला लागले. तिथे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली.

किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात 1888 ची धरतात, ती बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. भाऊ रामुअण्णा जोडीला. सायकलीनंतर कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. आणि नांगर घ्यायला कोणी तयार नाही! लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. दोन वर्षं! माझ्या दुकानात एखादा स्विच सहा महिने हलला नाही तर मी डिस्ट्रिब्युटरच्या मागे लागतो. ते टिकले, कारण वस्तू बनवणं आणि ती सुधारत बसणं हा त्यांचा स्वभावच होता, असं मला वाटतं. फक्त विकायची आवड असती तर पहिल्या वर्षीच नांगर सोडून परत सायकली धरल्या असत्या.

पुढे बेळगावची जागा गेली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला तिथली माणसं जास्त आवडतात. शाळेत न टिकलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले.  आणि तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना वसाहतीच्या राखणीवर ठेवलं होतं. कोणाला कुठे उभं करायचं हे ओळखणारा मालक होता. आपल्याकडे असा मालक नाही, म्हणून हे काम आपणच आपलं करायचं.

कसं करायचं? ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट मला तरी उपयोगी पडल्या नाहीत. मी दोन गोष्टी सांगतो.

पहिली, गणित. महिन्याला घरी किती न्यायचे आहेत ते आधी लिहा. उदाहरणासाठी धरा, घरखर्च 25,000, दुकानाचं भाडं 15,000, हाताखालच्या पोराला 10,000, लाइटबिल आणि किरकोळ 3,000. झाले 53,000. शंभराच्या विक्रीत वीस रुपये सुटत असतील, तर महिन्याला 2,65,000 ची विक्री हवी. 26 दिवस दुकान उघडलं तर रोज साधारण 10,200. सरासरी बिल दीडशेचं असेल तर रोज 68 गिऱ्हाइकं. लोनचा हप्ता यात धरलेलाच नाही. इथपर्यंत सगळे करतात. आता त्या आकड्याकडे परत बघा आणि स्वतःला विचारा: रोज 68 अनोळखी माणसांशी बोलून संध्याकाळी मी कसा असेन? ताजा की चिडलेला? बिल वीस रुपयांचं असेल तर तीच माणसं पाचशेच्या वर जातात. चहाचं बिल किती असतं, तुम्हाला माहीत आहे.

दुसरी, आठ दिवस त्याच धंद्यात फुकट राबा. ओळखीच्याच्या दुकानात, शक्यतो आपल्या एरियाच्या बाहेर. सकाळी शटर उघडण्यापासून रात्री हिशोब लागेपर्यंत. रोज वहीत दोनच ओळी: आज कशाचा कंटाळा आला, आणि कुठल्या कामात वेळ कळला नाही. उधारी मागायला तोंड उघडलं का, हेही लिहा. उधारी मागता येत नसेल तर किराणा नको, स्पष्ट सांगतो. रोखीचा धंदा बघा.

तर त्या पोराला मी म्हणालो, टोकन पंधरा दिवस पुढे ढकल. फ्रँचायझीवाला म्हणाला, ऑफर गुरुवारपर्यंतच आहे. मी म्हटलं, मग जाऊ दे ऑफर. हे बोलताना मलाही भीती वाटत होती. चहा चालला असता तर?

त्याने सुट्टी टाकून आठ दिवस विश्रांतवाडीत एका चहाच्या गाड्यावर काढले. परत आला तेव्हा वही भरलेली होती. गर्दीचा त्याला काही त्रास झाला नाही, उलट मजा आली. कंटाळा आला तो दिवसभर एकाच जागी उभं राहायचा. मालकाने दूध आणायला, बिस्किटांचा माल घ्यायला पाठवलं की गडी खूश. तीन दुकानांत भाव विचारून यायचा, क्रीमरोल दोन रुपयांनी स्वस्त आणला. सप्लायचं काही जमेल का, यावर आम्ही दोघं तासभर बोललो. अजून ठरलेलं नाही.

परवा त्याच्या वडिलांचा फोन आला. "सर, म्हशी गेल्या, दुधाचे पैसे बंद झालेत. पोरगं वही लिहीत बसलंय. त्याला लवकर काहीतरी लावून द्या." मला पटकन काही बोलता आलं नाही. रविवारी दुपारी दोघंही दुकानात या म्हटलंय, वही घेऊन.