पाटी कंपनीची, गल्ला कोणाचा?

जालना–भोकरदन रस्त्यावर राजूर मागे टाकलं की पूर्णा नदीकाठी केदारखेडा लागतं. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी असते, तालुक्याच्या गावाला जाणाऱ्यांची ये-जा रोजची. अशा गावातला पदवीधर मुलगा शेतीला जोड शोधतो, तेव्हा हल्ली त्याच्या तोंडी ‘फ्रँचायझी’ हा शब्द हमखास असतो. मोबाइलवर जाहिरात दिसते, बापाकडे कापसाचे चार पैसे असतात आणि बँक उरलेलं देईल अशी आशा असते. फ्रँचायझीच्या करारावरच्या सहीआधीचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा, यासाठी हा लेख.

काही नावं आधीच खोडून टाकू. मॅकडोनाल्ड्सची पश्चिम आणि दक्षिण भारतातली दुकानं वेस्टलाइफ ही कंपनी चालवते, डॉमिनोजची जुबिलंट फूडवर्क्स. या कंपन्या स्वतःच दुकानं थाटतात, गावोगाव मालक नेमत नाहीत. म्हणून ‘डॉमिनोजची एजन्सी देतो, नोंदणीचे पन्नास हजार भरा’ असा फोन आला, तर तो ठकाचा समजा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

उरतात ते देशी ब्रँड, आणि त्यात आपला वडापाव पहिला. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला, असं मानलं जातं. त्याची साखळी दुकानं मात्र या शतकातली. 2001 मध्ये धीरज गुप्ता यांनी मालाड स्टेशनजवळ ज्याची सुरुवात केली, ते पुढे जंबोकिंग झालं. 2004 मध्ये वेंकटेश अय्यर आणि शिवदास मेनन यांनी कल्याणमध्ये गोली वडापाव काढला. गोलीची कहाणी होतकरू मालकाने नीट वाचावी. प्रत्येक दुकानात वडे हाताने होत तेव्हा चव दुकानागणिक बदले आणि मालाचा मेळ बसत नसे. त्यांनी वडे कारखान्यात, यंत्रावर करून घ्यायला सुरुवात केली. गोठवलेला वडा दुकानात येतो, मुलगा तो तेलात सोडतो, वेगळ्या आचाऱ्याची गरज उरत नाही.

या पद्धतीला उणे 18 अंशांची अखंड साखळी लागते. गाडी वेळेवर यायला हवी, फ्रीझर चोवीस तास चालायला हवा. उन्हाळ्यात गावाची वीज तासन्‌तास गेली, तर वितळून खराब झालेला माल कोणाचा? करारात बहुधा तो मालकाचाच असतो. जनरेटर किंवा इन्व्हर्टर धरल्याशिवाय गावातलं गणित पुरं होत नाही, आणि माहितीपत्रकात तो खर्च क्वचितच दिसतो.

आता गल्ल्याकडे येऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून पाहा. समजा जीएसटी सोडून महिन्याची विक्री दीड लाख. म्हणजे सरासरी 20 रुपयांचं गिऱ्हाईक धरलं तर रोज अडीचशे माणसं. कंपनीकडूनच घ्यायचा कच्चा माल निम्मा, 75,000. दोन पोरांचा पगार 24,000, भाडं 8,000, वीज आणि गॅस 12,000, पॅकिंग व खराबा 6,000. हातात राहिले 25,000. नावासाठी कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या 6 टक्के, म्हणजे 9,000, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 10,620. हॉटेल व्यवसायाला 5 टक्के जीएसटी लागतो, पण खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. त्यामुळे हे 1,620 रुपये खिशातूनच जातात. उरले 14,380. सहा लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं असेल, तर हप्ता 13,347. मालकाच्या हाती महिन्याला 1,033 रुपये, आणि त्याने स्वतः उभं राहून केलेल्या कामाची मजुरी यात धरलेलीच नाही.

पाऊस-पेरणीच्या दिवसांत विक्री 1,20,000 वर आली, तर माल 60,000 चा लागेल. बाकीचे 50,000 मात्र फारसे हलत नाहीत. रॉयल्टी आणि हप्ता भरून जवळपास 11,800 चा खड्डा पडतो. गावात पैसा कापूस-सोयाबीनच्या हंगामात येतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. मला यातली सगळ्यांत मोठी जोखीम इथेच दिसते. त्यात उधारी. गावात शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि बिल मशीनमध्ये नोंदलं गेलं की वसूल न झालेल्या पैशांवरही रॉयल्टी द्यावी लागते.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. अमेरिकेत 1979 पासूनच्या नियमाने कंपनीला सही वा पैसे घेण्यापूर्वी खर्च, खटले, बंद पडलेली दुकानं यांची माहिती लेखी द्यावी लागते. आज त्यासाठी किमान 14 दिवसांची मुदत आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, 1872 च्या करार कायद्यावरच सगळं चालतं. म्हणून ती माहिती आपणच मागायची: गेल्या तीन वर्षांत किती दुकानं बंद झाली, अनामत परत मिळते का, शेजारच्या गावात दुसरं दुकान देणार नाही हे लिहून देता का? करार संपल्यावर हा धंदाच करायचा नाही ही अट त्या कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही; करार चालू असतानाची बंदी मात्र टिकते.

रॉयल्टी नसलेला पर्यायही आहे. अमूलने जाहीर केलेल्या अटींनुसार साधं पार्लर सुमारे दोन लाखांत उभं राहतं, त्यात 25,000 ची परत न मिळणारी ठेव. नफा छापील किमतीवर: पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, इतर पदार्थांवर 10, आइस्क्रीमवर 20. टक्का कमी, पण माल ओळखीचा आणि बुडायची रक्कम लहान.

माझं मत स्पष्ट आहे. ब्रँडची पाटी अनोळखी प्रवाशाला थांबवते. मुंबईच्या स्टेशनबाहेर तिचं मोल मोठं आहे. केदारखेड्यात निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मालकाला नावाने ओळखणार. तिथे रॉयल्टीचे पैसे चांगलं तेल, स्वच्छ पाणी आणि याच तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली ताजी मिरची यांवर घातलेले बरे. अन्न परवाना काढा, स्वतःच्या नावाची पाटी लावा आणि कर्ज एका हंगामात फिटेल इतकंच काढा. तरीही ब्रँडच हवा असेल, तर त्याच कंपनीची पाटी लावलेल्या, आपल्याएवढ्याच गावातल्या दोन दुकानदारांचा गेल्या श्रावणातला गल्ला विचारून या, आणि मगच सही करा.