हौदामागून हौद

रविवारी सकाळी सातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर पंधरा-वीस जण जमतात. दरवाजावरच्या खिळ्यांचे फोटो काढून झाले की मी सगळ्यांना थेट हजारी कारंजापाशी नेतो. सोळा पाकळ्यांचं कमळ, सवाई माधवराव तान्हे असताना बांधलेलं. “सर, तेव्हा वीज नाही, पंप नाही. मग पाणी उडायचं कसं?” हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. नाहीच विचारला तर मी विचारतो. पस्तीस वर्षं भूगोल शिकवल्याची खोड, दुसरं काय!

उत्तर कात्रजला आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९च्या सुमारास तिथे पाणी अडवून ते बांधीव नळाने, जमिनीखालून पुण्यात आणलं. कात्रज उंचावर, पेठा सखल. उतार नीट साधला की पाणी आपसूक चालत येतं. हा नळ काही ठिकाणी माणूस उभा राहील एवढा उंच आहे. वाटेत ठिकठिकाणी ‘उसासे’ बांधले आहेत, आत कोंडलेली हवा त्यांतून निघून जावी म्हणून. यापेक्षा चपखल शब्द मला तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही. हे पाणी वाड्यांत खेळायचं, तसंच पेठांतल्या हौदांतही पडायचं.

तिथून आम्ही फडके हौदाकडे निघतो. हौद आता नाही, चौकाला नाव तेवढं उरलंय.

चालून झालं की अमृततुल्यापुढच्या फुटपाथवर चहा आणि गप्पा. पूर्वी मी याला ‘शंकासमाधान’ म्हणायचो, म्हणजे शंका त्यांच्या आणि समाधान माझं. एका रविवारी शुक्रवार पेठेतल्या एक आजी आल्या होत्या. “अहो मास्तर,” त्या म्हणाल्या, “हौदाचं पाणी तुम्ही वाचलंत, आम्ही प्यालोय.” १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि शहराचे नळ बंद पडले. “अंगणात गुडघाभर चिखल अन् प्यायला थेंब नाही. मी नि थोरला भाऊ हौदावर रांगेत. त्याच्याकडे बादली, माझ्याकडे कळशी.” सांगताना त्यांचा डावा हात कमरेशी वाकला होता. कळशी जणू अजून तिथेच होती.

मी वहीत लिहून घेत होतो. तेवढ्यात मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला, “पेशवाईत या हौदांवर माझ्या खापरपणजीला पाणी भरू दिलं असतं का?”

कुणीच काही बोललं नाही. नळ कुणी बांधला, किती लांब, किती खोल, सगळं मला पाठ होतं. पाणी कुणाला मिळत नव्हतं, हे मी इतक्या रविवारांत एकदाही सांगितलं नव्हतं. चूक माझीच होती.

पुढच्या रविवारपासून आम्ही अर्धा तास जास्त चालतो आणि जुन्या गंज पेठेत, फुले वाड्यात थांबतो. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तो इथे. पेशवाईच्या वाटेवर हे कशाला, म्हणून दोन-तीन नेहमीचे सोबती कुरकुरले. एक तर यायचेच बंद झाले. मला मात्र वाटतं, कात्रजच्या पाण्याची गोष्ट शनिवारवाड्याच्या कारंजाशी संपवणं म्हणजे ती अर्धवट सांगणं.

गप्पा आता चहाच्या टपरीऐवजी फुले वाड्याबाहेर होतात, आणि मी शेवटी बोलतो.

तुम्ही येणार असाल तर एक करा. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर पुराच्या त्या आठवड्यात प्यायचं पाणी कुठून आणलं आणि कुणाला आणू दिलं नाही, हे आदल्या रात्री विचारून या. शक्य असेल तर त्यांनाच घेऊन या. आम्ही सावकाश चालतो.